हरेश्वरची काठी आणि हिरवी टोपणं

दिनांक १४ नोव्हेंबर २०२२, सोमवार. रुपये दोनशे फक्त. बोर्ली पंचतनच्या नाक्यावर हरेश्वरचे टायरचे दुकान आहे. तिथे नायट्रोजनच्या मशीनची पहिली कमाई झाली ती एवढी, आणि ती दिली मनुबाईने. कमरेच्या पिशवीतून पन्नासच्या चार दमट नोटा काढून तिने हरेश्वरच्या हातावर ठेवल्या आणि विचारले, "आता सांग, ह्यो मशीन हवा आणतो कुठनं?"

"हवेतूनच, आत्ये. आपल्या हवेतला नायट्रोजन तेवढा बाजूला काढतो आणि टायरात भरतो."

"म्हंजे माझ्याच दारातली हवा मलाच विकलीस व्हय रं?"

दुकानात बसलेले सगळे हसले. हरेश्वरही हसला. मनुबाईचा मुलगा परेश टेम्पोभोवती फिरून चारही चाकांच्या हवेच्या तोंडावर नायट्रोजनची खूण म्हणून लावलेली नवी हिरवी टोपणं न्याहाळत होता. भरडखोलच्या बंदरावरच्या मासळीच्या टेम्पोंमध्ये असली टोपणं लावणारा तो पहिलाच होता, त्यामुळे त्याला तो दोनशे रुपयांचा सौदा स्वस्तच वाटला.

मनुबाई भरडखोलची. मासळीच्या व्यापारात तिची चाळीस वर्षे गेलेली. नात्याने ती हरेश्वरच्या वडिलांची चुलत बहीण, म्हणून हरेश्वरची आत्या. हरेश्वर स्वतःही भरडखोलचाच, कोळ्याच्या घरातला. पण त्याची गोष्ट जरा वेगळी होती. त्याला बोट लागायची. चौदाव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत तो वडिलांच्या होडीवर गेला आणि नऊ वर्षे ओकला. आज सवय होईल, उद्या होईल, असे वडील म्हणत राहिले. शेवटी एकदा जाळे ओढता ओढताच तो आडवा झाला, तेव्हा वडिलांनी किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या सांगून टाकले, "तू जमिनीवरच काय ते कर बाबा. दर्याला तू नको हायस."

त्याने जमिनीवर टायर धरला. बोर्लीत एका केरळी माणसाच्या दुकानात चार वर्षे पंक्चर काढले, तो माणूस गावी परत गेल्यावर दुकान स्वतःच्या नावावर केले. पंचवीस वर्षे झाली त्याला. बंदरावर अजून कोणी कोणी चिडवतात, "दर्या लागला म्हणून टायर धरला," पण ते प्रेमाने. कारण बंदराशी त्याचे नाते तुटले नव्हते. दोन गोष्टींनी ते टिकवले होते. एक म्हणजे निकामी टायर. होड्या एकमेकींवर आणि धक्क्यावर आपटून फुटू नयेत म्हणून त्यांच्या कडांना जुने टायर टांगतात, ते हरेश्वर फुकट पुरवायचा. आणि दुसरी म्हणजे त्याची काठी.

ती वडिलांच्या मोडक्या वल्ह्याची मूठ होती. हातभर लांब, हाताळून हाताळून काळी गुळगुळीत झालेली. रोज सकाळी साडेसहाला हरेश्वर मोटारसायकलवरून बंदरावर उतरायचा. त्या वेळी लिलाव चाललेला असायचा आणि बर्फ भरून घेणारे टेम्पो धक्क्यावर ओळीने उभे असायचे. एकूण एकोणीस टेम्पो. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो चालत जायचा आणि प्रत्येक चाकावर काठीचा एक ठोका द्यायचा. टणक टायरचा आवाज वेगळा, हवा उतरलेल्याचा वेगळा. शंका आली की खिशातला हवा मोजायचा गेज लावायचा, आणि कमी असेल तर ड्रायव्हरला सांगायचा, "मागचं डावं. जाताना दुकानावर थांब." अर्ध्या तासात काम संपायचे. याचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत, कोणी विचारलेही नाहीत. मात्र परत निघताना त्याच्या मोटारसायकलच्या पिशवीत वाटा पडलेला असायचा. कधी मांदेलीचा, कधी बोंबलांचा, थंडीत कोळंबीचा. कोणी टाकला हे त्याने पाहायचे नाही आणि टाकणाऱ्याने सांगायचे नाही, अशी रीत पडून गेली होती. हरेश्वरच्या घरी वीस वर्षांत मासे विकत आणले नव्हते.

नायट्रोजनचे मशीन आले ते मात्र बंदरासाठी नव्हे. ते आले पाहुण्यांसाठी. दिवेआगरला शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. जाता-येता त्या नाक्यावर थांबतात आणि काच खाली करून विचारतात, "नायट्रोजन आहे का?" नाही म्हटले की काच वर जाते. काच वर जाताना पाहून हरेश्वरच्या मनाला लागायचे. आपले दुकान आता जुन्या काळातले झाले, असे त्याला वाटू लागले. म्हणून पनवेलहून केतन नावाचा विक्रेता मशीनची माहिती द्यायला आला तेव्हा हरेश्वरने फार घासाघीस केली नाही. पतसंस्थेतून कर्ज काढले आणि मशीन बसवले.

केतन तसा सरळ पोरगा होता. त्याने जे सांगितले त्यात खोटे काही नव्हते. तो म्हणाला, "दादा, नायट्रोजन टायरमधून सावकाश झिरपतो. साध्या हवेपेक्षा हवा कमी उतरते. शिवाय कोरडा असतो, आतून गंज धरत नाही."

"मग किती दिवसांनी बघायचं?"

"बघायचं तर नेहमीसारखंच. पण गिऱ्हाइकाला महिनाभर टेन्शन नाही."

हे हरेश्वरने ऐकले. पण दुकानातून बंदरावर जाईपर्यंत त्या बोलण्यातले काही सांडले आणि काही वाढले. पहिल्या आठवड्यात तो टेम्पोवाल्यांना म्हणाला, "हवा कमी उतरते." दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "उतरतच नाही म्हणा ना." आणि डिसेंबर उजाडला तेव्हा बंदरावर ठरूनच गेले होते की हिरव्या टोपणाच्या टायरला तीन महिने हात लावायची गरज नाही. एकोणीसपैकी चौदा टेम्पोंना टोपणं लागली. राहिलेल्या पाचांसाठी रोज सकाळी सहा किलोमीटर जायचे आणि यायचे, तेही दुकानावर गाड्या थांबलेल्या असताना, हे हरेश्वरला परवडेना. आधी तो एक दिवसाआड जाऊ लागला. मग आठवड्यातून एकदा. जानेवारीत काठी दुकानातल्या खिळ्याला टांगली गेली ती तिथेच राहिली.

सर्वांत आधी हे चंद्राबाईच्या लक्षात आले. चंद्राबाई म्हणजे त्याची बायको. एका संध्याकाळी ताटात डाळ आणि बटाट्याची भाजी वाढून ती म्हणाली, "कोळ्याच्या घरात मासे इकत आणायला गेले आज. मासेवालीन हसली मला. म्हणते, काय गो चंद्रा, दर्या आटला काय?"

"वाटा बंद झालाय म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नको. मशीनचं कर्ज फिटलं की रोज पापलेट आणू."

"मला पापलेट नको. फुकटच्या मांदेलीची चव निराळी व्हती."

त्यांची मुलगी कल्पिता श्रीवर्धनच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. ती मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत आहे ना, साध्या हवेतच शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन असतो? तुम्ही वरचे पंधरा-वीस भाग भरता. पन्नास रुपये एका चाकाला."

"एवढं शिकून तू बापाचा धंदा बुडव," हरेश्वर म्हणाला. पण तो आकडा त्याच्या डोक्यात राहिला. अठ्ठ्याहत्तर.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास परेशचा फोन आला. म्हसळ्याच्या अलीकडच्या उतारावर टेम्पोचे मागचे डावे चाक फुटले होते. टेम्पो रस्त्याच्या कडेच्या चरात कलंडला होता. परेश ठीक होता. शेजारी बसलेल्या मनुबाईचे कपाळ काचेवर आपटले होते.

हरेश्वर जॅक आणि पाना घेऊन पोहोचला, तेव्हा जवळच्या वाडीतली माणसे लाल मातीतून सुरमई आणि हलवे वेचून क्रेटमध्ये भरत होती. बर्फ उतारावरून वितळत चालला होता. मनुबाई सावलीत एका दगडावर बसली होती, कपाळावर पदराची घडी दाबून. घडी लाल झाली होती, पण नजर माशांवरच होती. ओरडून सांगत होती, "अगो, हलवा खाली नको घालू, दबतो त्यो! सुरमई खाली, हलवा वर!"

दुसरा टेम्पो येऊन माल उचलेपर्यंत अकरा वाजले. मुंबईच्या बाजारात त्या दिवशी तो माल अर्ध्या भावानेही गेला नाही. मनुबाईच्या कपाळाला म्हसळ्याच्या दवाखान्यात तीन टाके पडले.

टायर हरेश्वरने स्वतःच काढला. फाटलेल्या रबराखाली, आतल्या बाजूला, त्याच्या बोटाला खिळा लागला. लाकडी पेट्यांना मारतात तसला. तो खिळा आजचा नव्हता. त्याचे डोके रस्त्यावर घासून घासून झिजले होते आणि नव्या नाण्यासारखे चकाकत होते. तीन-चार आठवड्यांचा तरी असावा. म्हणजे त्या चाकातून तीन-चार आठवडे हवा थोडी थोडी जात होती, त्यावर रोज बर्फासकट मालाचे वजन पडत होते, आणि वरच्या हिरव्या टोपणाकडे बघून कोणी हात लावला नव्हता. काठीचा एक ठोका दिला असता तर आवाजानेच कळले असते. हे तिथल्या कुणाला माहीत नव्हते. एकट्या हरेश्वरला माहीत होते.

"टायर जुनाच व्हता दादा," परेश मागून म्हणाला. "दोन वर्सं झालेली. मीच बदलायला पायजे व्हता."

हरेश्वरने खिळा मुठीत घेतला. त्याला 'होय' म्हणता आले असते. परेशने वाक्य तयार करून हातात दिले होते, नुसती मान हलवायची होती. त्याने मान हलवलीही, की नाही, हे नंतर त्याचे त्यालाही नीट आठवेना. पण तोंडाने तो काही बोलला नाही एवढे खरे. स्टेपनी चढवली, बिल केले नाही, आणि खिळा खिशात टाकून तो परत आला.

दोन दिवस दुकान चालले. रविवारी सतरा गाड्यांना नायट्रोजन भरला. प्रत्येक वेळी मशीन गुरगुरायला लागले की हात आपोआप खिशात जायचा आणि खिळ्याला लागायचा. चंद्राबाईने पँट धुवायला घेतली तेव्हा खिळा खाली पडला.

"ह्यो कशाला जपून ठेवलाय?"

त्याने सांगितले. बायकोला सांगताना तो जमिनीकडे बघत होता. चंद्राबाईने खिळा उचलून त्याच्या हातात दिला. "मला सांगून काय उपेग? टाके मला पडल्यात काय?"

सोमवारी सकाळी तो भरडखोलला गेला. मनुबाई अंगणात सुकट पसरत होती. कपाळावर पट्टी, त्यावर कोणीतरी हळद लावलेली. हरेश्वरने खिळा तिच्यासमोर ओट्यावर ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळे सांगून टाकले. टायर जुना नव्हता असे नाही, पण फुटला तो जुना होता म्हणून नाही. खिळा महिनाभर आत होता. तो रोज येत असता तर त्याला कळले असते. 'बघायची गरज नाही' हे केतनने सांगितले नव्हते, ते त्याचे स्वतःचे होते.

मनुबाईने खिळा उचलला, डोळ्यांजवळ नेला, परत ठेवला. सुकट पसरायचे काम थांबवले नाही.

"परेश म्हणाला टायर जुना."

"परेशला माहीत न्हाय, आत्ये."

"तुला म्हाईत हाय. मग शुक्रवारीच का न्हाय बोललास?"

हरेश्वरने खिळा ओट्याच्या कडेला सरकवला. तो म्हणाला, "माल किती गेला ते सांगा. मी देतो. एकदम नाही जमणार, पण देतो."

"मासे दर्याने दिले, मातीत गेले. त्यांचे पैसे मी तुझ्याकडनं न्हाय घेणार. दर साल काय ना काय जातंच." मग ती कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "पण दोनशे रुपये घेतलेस ना तू माझ्याकडनं, ते कशाचे घेतलेस? हवा फुकट हाय. तू घेतलेस ते, 'आत्ये, आता बघायला नको,' असं म्हणायचे. ते मात्र तू मला देणं लागतोस."

हरेश्वरने लगेच खिशातून दोनशेची नोट काढली. मनुबाईने हात पुढे केला नाही.

"आता नको. मागेन तवा दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला हरेश्वर काठी घेऊन धक्क्यावर उतरला. बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. ओळीतला पहिला टेम्पो रतनचा. रतनने चाकासमोर पाय पसरून बसूनच सांगितले, "ए दादा, हिरवी टोपी हाय. तीन म्हैने हात लावायचा न्हाय. तूच सांगितलास."

"उठ रतन. ठोका देऊ दे."

"ठोका दे, पन जरा हळू हां. न्हायतर दर्यासारखा टायर पन लागंल तुला."

सगळे हसले. हरेश्वरने खाली मान घालून ठोका दिला. एकोणिसाव्या टेम्पोपर्यंत गेला. एकूण सहा चाके कमी हवेची निघाली. त्यातली चार हिरव्या टोपणाची. परत निघताना पिशवीत हात घातला, पिशवी रिकामी होती. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि पुढे तीन महिने ती रिकामीच राहिली. तो रोज जात होता, ठोके देत होता, माणसे त्याच्याशी बोलत होती, चहाही पाजत होती. पण वाटा कोणी टाकत नव्हते. पैशाने भरून निघण्यासारखे ते नव्हते. त्या पिशवीकडे बघून त्याला आपली किंमत कळत होती.

नायट्रोजनची परीक्षा घ्यायची कल्पना कल्पिताची. ती म्हणाली, "बाबा, नुसतं चांगलं की वाईट असं बोलून काय होणार? मोजून बघा." परेशच्या टेम्पोला चारही नवे टायर घातले होते. त्याच्याशी ठरवले, की उजव्या बाजूच्या दोन चाकांत नायट्रोजन आणि डाव्या बाजूच्या दोन चाकांत साधी हवा भरायची. दर सोमवारी सकाळी, टेम्पो हलायच्या आधी, टायर थंड असताना मोजायचे आणि दुकानातल्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचे. परेश म्हणाला, "म्हंजे माझा टेम्पो एका अंगाने श्रीमंत आन् एका अंगाने गरीब?" पण तयार झाला.

६ मार्चला सुरुवात केली, २९ मेला संपवली. बारा आठवडे. साध्या हवेच्या दोन चाकांपैकी एकातून चार पौंड उतरले, दुसऱ्यातून पाच. नायट्रोजनच्या चाकांचे जरा वेगळे झाले. पुढच्या उजव्यातून तीन पौंड उतरले. मागच्या उजव्यातून सातव्या आठवड्यात एकदम अकरा पौंड गेले, कारण त्यात बाभळीचा काटा होता. काटा काढून पुन्हा भरल्यावर ते चाकही शेजारच्यासारखेच वागले. डिझेलच्या खर्चात परेशला काही फरक जाणवला नाही. गंजाचे म्हणाल तर, माशांच्या टेम्पोच्या चाकावर बर्फाचे खारे पाणी बाहेरून दिवसभर ठिबकते. आतून कोरडे ठेवून रिम किती वाचणार?

हरेश्वर ते आकडे बरेच दिवस बघत राहिला. मशीन खोटे नव्हते. तीन महिन्यांत एक-दोन पौंडांचा फायदा होता, आणि तो खरा होता. केतनने जेवढे सांगितले होते तेवढेच ते करत होते. पण काट्याला आत काय भरले आहे ते कळत नव्हते. आणि हे एक-दोन पौंड वाचवायला निघालेली माणसे ठोका द्यायचे सोडून देत होती, तिथे अकरा पौंड जात होते.

त्याने मशीन विकले नाही. कर्ज होते आणि मशीन चालूही होते. पण त्याचे बोलणे बदलले. जूनच्या दुसऱ्या शनिवारी पनवेलकडची एक बाई गाडी घेऊन थांबली. मागे दोन मुले, वाळूची खेळणी. काच खाली करून म्हणाली, "काका, नायट्रोजन आहे ना? चारही चाकं टॉप-अप करा."

"करतो ताई. शेवटची हवा कधी बघितली होती?"

"दिवाळीत भरलाय ना नायट्रोजन. तेव्हापासून बघायला लागलंच नाही."

हरेश्वरने गेज लावला. तेहेतीस पाहिजे तिथे तीन चाकांत सत्तावीस, अठ्ठावीस. चौथ्यात एकोणीस. त्याने तिला खाली उतरवले, गेजवरचा काटा दाखवला, मग वल्ह्याची मूठ काढून दोन चाकांवर ठोके दिले.

"ऐकू आलं?"

"आलं. हा जरा… बसका वाटतो."

"ह्यात खिळा असणार. बघू."

खिळा निघाला. पंक्चर काढून झाल्यावर ती म्हणाली, "मग नायट्रोजन भरायचा की नाही? तुम्हीच सांगा."

"आधी भरलाय तर आता त्याचाच टॉप-अप करतो, वाईट काही नाही. रस्त्यात कुठे साधी हवा भरायची वेळ आली तर बिनधास्त भरा, दोघांचं भांडण होत नाही. नवीन टायरला, लांबच्या प्रवासाला, हौस असेल तर दोनशे रुपयांनी काही बिघडत नाही. पण पंधरा दिवसांनी कुठेही थांबून बघायचं. बघायचे पैसे कोणी घेत नाही. मी तर घेतच नाही."

बाईने पंक्चरचे आणि टॉप-अपचे पैसे दिले आणि गेजकडे बोट दाखवून विचारले, "हा विकत मिळतो का?" त्या दिवसापासून हरेश्वरने दुकानात छोटे गेज ठेवायला सुरुवात केली. ते नायट्रोजनपेक्षा जास्त खपले असे नाही, पण खपले.

जून-जुलै बंदर बंद. होड्या वर ओढून ठेवलेल्या, टेम्पो घरोघरी ताडपत्रीखाली. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. पहिल्या दिवशी हरेश्वर धक्क्यावर उतरला तेव्हा लिलावाची गर्दी होती. मनुबाई टोपल्यांच्या मागे बसलेली. कपाळावर तीन टाक्यांची पांढरी रेघ राहिली होती. तो ओळीने ठोके देत गेला. परेशच्या टेम्पोजवळ आला तेव्हा परेश बाजूला झाला आणि त्याने स्वतःच चाकावरचे हिरवे टोपण काढून गेजसाठी तोंड मोकळे केले. मागोमाग रतननेही आपल्या चाकांची टोपणं काढली; त्यांत आता साधीच हवा होती. म्हणाला, "बघ बाबा आमच्या गरीब अंगाचा पन."

"तुझ्या टेम्पोला दोन्ही अंगं गरीबच आहेत रतन."

"म्हनून तर तू लागतोस."

एकोणीस टेम्पो संपले. मोटारसायकलला किक मारताना त्याला पिशवी जड लागली. आत केळीच्या पानात बांधलेली मांदेली होती, वाट्याहून थोडी जास्तच. त्याने रीतीप्रमाणे मागे वळून पाहिले नाही. पण मोटारसायकल मनुबाईच्या टोपल्यांसमोरूनच जाणार होती, म्हणून तो थांबला आणि खिशातून दोनशेची नोट काढली. फेब्रुवारीपासून ती वेगळी ठेवली होती.

"आत्ये, घ्या आता."

मनुबाई सुरमईवरचा बर्फ सारखा करत होती. "मी मागितले काय?"

"किती दिवस ठेवू?"

"ठेव. देणं असलं की मानूस येतो. फिटलं की चार दिवस येतो, मग खिळ्याला काठी टांगतो." तिने समोरच्या गिऱ्हाइकाला भाव सांगितला, मग त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "चंद्राला सांग, मांदेली तळून नको खाऊ. कालवण कर."

चंद्राबाईने कालवण केले. कल्पिता सुट्टीवर घरी होती, तिने दोनदा भात घेतला.

याला आता दोन वर्षे होऊन गेली. मशीनचे हप्ते संपले. शनिवार-रविवारी नायट्रोजन चालतो, विचारणाऱ्याला हरेश्वर भरून देतो, न विचारणाऱ्याला सुचवत नाही. दुकानाच्या दारावर कल्पिताने लिहिलेली पाटी आहे: 'हवा बघून मिळेल. पैसे नाहीत.' बंदरावर आता बावीस टेम्पो आहेत. सकाळी साडेसहाला तो काठी घेऊन ओळीच्या एका टोकाला असतो आणि सातला दुसऱ्या टोकाला.

मनुबाईचे दोनशे रुपये तो अजून देणे लागतो.